वीस पानांचा बेत शेगडी पाहून ठरवावा

महोदय,

‘वीस माणसांना घरी जेवायला बोलावणं आता होत नाही, केटररच बरा’ अशा सुराची पत्रं आपल्या स्तंभात अधूनमधून वाचायला मिळतात. घर लहान, दोघंही नोकरीत, हाताशी माणूस नाही, ही त्यांतली कारणं खरी आहेत. तरीही दोन शेगड्यांच्या गॅसवर वीस पानांचा स्वयंपाक निघतो, आणि निघून वर घरच्यांना पाहुण्यांशी बोलायला सवडही मिळते. बेत ठरवताना मात्र आधी एक पाहावं लागतं: पानं मांडण्यापूर्वीच्या पाऊण तासात गॅसवर काय काय चढणार आहे? त्या वेळात दोनाहून जास्त कामं आली की बेत फसला. मग पदार्थ पाच असोत की अकरा.

श्रीखंड-पुरी हा याचा नमुना. कागदावर सोपा बेत, कारण श्रीखंड आदल्या दिवशीच तयार. पण वीस माणसांना माणशी पाच म्हणजे शंभर पुऱ्या. घरच्या कढईत एका वेळी दोन मावतात. आधी लाटून ठेवाव्यात तर पंधरा-वीस पुऱ्यांच्या पुढे वरून सुकतात आणि सुकलेली पुरी फुगत नाही. लाटताना पिठी लावावी तर ती तेलात जळून तळाशी बसते आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके येतात. म्हणजे एकीने लाटायचं, दुसरीने तळायचं, आणि दोघींनीही पंगत उठेपर्यंत ओट्यापासून हलायचं नाही. सात-आठ माणसं असतील तर पुऱ्या जरूर कराव्यात. वीस जणांना श्रीखंडाबरोबर घडीच्या मऊ पोळ्या वाढल्या तर कुणी उपाशी उठत नाही.

पुरणपोळी उलट वीस जणांनाही चालते, लोक उगाच घाबरतात. पुरण आदल्या संध्याकाळी वाटून ठेवता येतं आणि सकाळी केलेली पोळी निवल्यावरही तूप किंवा दूध घेऊन तितकीच छान लागते. ती तव्यावरून थेट पानात वाढण्याचा हट्ट तेवढा सोडावा.

ज्या बेताला ही पाऊण तासाची अट नीट बसते तो असा: साधं वरण-भात-तूप, मसालेभात, घडीच्या पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, खमंग काकडी, ओल्या नारळाची चटणी, कोथिंबीर वडी, श्रीखंड आणि मठ्ठा. नावं दहा, पण शेवटच्या पाऊण तासात एका शेगडीवर फक्त वड्या तळायच्या आणि दुसरीवर अळू गरम करून झाला की काकडीची फोडणी करायची.

आता मापं. वीस मोठ्या माणसांना साध्या भाताला ७०० ग्रॅम तांदूळ (पहिली मूद आणि शेवटचा ताकभात धरून), मसालेभाताला १ किलो, तूरडाळ ५०० ग्रॅम, कणीक दीड ते पावणेदोन किलो, बटाटे २ किलो, काकडी दीड किलो, साजूक तूप ३०० ग्रॅम, नारळ दोन मोठे, लिंबं पाच-सहा. मुलं सात-आठ असतील तर त्यांची चार पानं धरावीत. पोळ्या माणशी तीनच्या हिशेबाने साठ. दोन भात असले की त्यांतल्याही काही उरतात. पोळ्या करायला मावशी येणार असतील तर त्यांना आकडा आदल्या दिवशीच सांगावा आणि कणीक आपण मळून अर्धा तास तरी मुरत ठेवावी.

याच ठिकाणी आपल्या पुरवणीसाठी एक विनंती. पुरवणीत पाककृती छापताना ‘दोन वाट्या’, ‘एक जुडी’ यांच्याबरोबर ग्रॅममध्ये वजनही द्यावं. एका घरची वाटी दीडशे मिलिलिटरची, दुसरीकडची दोनशेची. चार माणसांत हा फरक लपतो, वीस माणसांत सुमारे चारशे ग्रॅम तांदळाचा होतो. शिवाय चार जणांच्या कृतीला पाचने सरळ गुणणं हा मोठ्या स्वयंपाकातला पहिला घोटाळा असतो. मीठ पाचपट लागतं, कारण ते अन्नाच्या वजनावर ठरतं. हिरवी मिरची, हिंग, गोडा मसाला साडेतीनपटच घालून चव घ्यावी. पाचपट घातलेला गोडा मसाला कडवट लागतो आणि मग तो झाकायला गूळ ओतत बसावं लागतं. तेलही तिपटीच्या आसपास पुरतं.

तेलाचा विषय निघालाच आहे तर फोडणीबद्दल. दोन चमचे तेलाची फोडणी गॅस बंद करताच निवायला लागते. सात-आठ मोठे चमचे तेल मात्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं. म्हणून रोजच्या सवयीने मोहरी, हिंग, हळद एकापाठोपाठ टाकली तर मोठ्या फोडणीत हळद क्षणात काळी पडते आणि सबंध भाजीला जळका वास लागतो. मोहरी पूर्ण तडतडू द्यावी, अर्धवट तडतडलेली दाताखाली कडू लागते. मग गॅस बंद करावा, कढीपत्ता आणि मिरची टाकावी. त्यांतल्या पाण्याने तेलाचा ताव उतरतो. त्यावर हिंग, शेवटी हळद, आणि लगेच भाजी.

बटाटे आदल्या संध्याकाळी सालीसकट उकडून, निववून फ्रिजमध्ये ठेवावेत. गार बटाट्याची फोड कडेने धड निघते. गरम बटाटा सुरीला चिकटतो आणि ढवळताना भाजीचा लगदा होतो. नवा बटाटा या भाजीला घेऊच नये, तो चिकट होतो.

अळूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हीच भाजी लोक टाळतात. खाजेल अशी भीती, आणि डाळ शिजत नाही अशी तक्रार. भाजीचा अळू हिरव्या देठाचा घ्यावा. काळसर देठाचा वड्यांना. वीस जणांना मध्यम चार जुड्या अळू, दोन जुड्या चुका, १५० ग्रॅम हरभरा डाळ, १०० ग्रॅम शेंगदाणे, आवडत असेल तर एक मुळा. डाळ-दाणे चार-पाच तास भिजवायचे. देठ सोलून घ्यायचे आणि सोलताना हाताला तेल लावायचं. खाज सुटते ती पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. अर्धवट शिजलेला अळू म्हणूनच घशाला लागतो. तो पूर्ण गळेपर्यंत शिजवायचा आणि आंबटाशिवाय करायचा नाही. पण हेच आंबट डाळीचा शत्रू. चुका किंवा चिंच डाळीबरोबर एकाच भांड्यात घातली की डाळ तासभर शिजवली तरी बोटाला टचटचीत लागते. तेव्हा कुकर एकच, भांडी दोन: खालच्यात डाळ-दाणे आणि पाणी, वरच्यात अळू-चुका. तीन-चार शिट्ट्या. मग अळू-चुका गरम असतानाच रवीने घोटून त्याला चार मोठे चमचे बेसन पाण्यात कालवून लावायचं. बेसन कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात, आणि अजिबात नसेल तर पानात वाढल्यावर भाजीचं पाणी बाजूला पळतं. हिंग, मेथीदाणे, मिरचीची फोडणी, मग घोटलेला अळू, डाळ-दाणे, गूळ, मीठ, दोन चमचे गोडा मसाला. लागेल तसं पाणी घालून दहा-बारा मिनिटं उकळायची, बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत. चुका किती आंबट निघेल याचा नेम नसतो, म्हणून चिंच शेवटी, चव पाहून. ही भाजी सकाळी दहापर्यंत करून ठेवली तर दुपारी मुरून अधिक चांगली लागते. वाढण्यापूर्वी पुन्हा खळखळून उकळावी. पितळी पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात करू नये, आंबटाने कळकते. मठ्ठा आणि चक्का यांनाही हेच लागू.

मसालेभात बिघडतो तो बहुतेक पाण्यावर. घरोघरचं माप तांदळाच्या दुप्पट पाणी. पावशेर तांदळाला ते बरोबर ठरतं, कारण त्यातलं बरंच पाणी वाफेने जातं. किलोभर तांदळाला वाफेने जाणारं पाणी चौपट होत नाही. भांड्याचं तोंड चौपट रुंद नसतं ना. म्हणून दुप्पट पाण्याने मोठा भात खालून गिच्च होतो. किलोभर कोलमाचं आकारमान साधारण सव्वा लिटर भरतं. त्याला २.१ ते २.२ लिटर पाणी पुरे, आणि ते उकळतं हवं. गार पाणी ओतलं तर उकळी यायला पंधरा मिनिटं लागतात, तोवर शितं बाहेरून फुगून मोडतात. आंबेमोहोर मसालेभाताला घेऊ नये. त्याचं शीत मऊ आणि चिकट, ते वरणाशी जमतं, गोड्या मसाल्याशी नाही.

तांदूळ अर्धा तास आधी धुऊन चाळणीत निथळत ठेवावेत. सात-आठ लिटरचं जाड बुडाचं पातेलं. फोडणीत आधी पाव किलो उभी चिरलेली तोंडली पाचेक मिनिटं परतायची. ती भाताबरोबर कच्ची टाकली तर भात होतो आणि तोंडली दाताखाली करकरते. मग मटार, काजू, तांदूळ. तांदूळ चार मिनिटं परतला की तीन मोठे चमचे गोडा मसाला, सपाट दीड मोठा चमचा मीठ, आणि उकळतं पाणी. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की पातेल्याखाली तवा सरकवायचा. घरच्या बर्नरची ज्योत मोठ्या पातेल्याच्या मधल्या भागालाच लागते. तिथे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. तव्यावर मंद आंचेवर बारा ते पंधरा मिनिटं. त्यानंतर गॅस बंद, झाकण न काढता वीस मिनिटं. गरम असताना डाव फिरवला की शितं तुटतात. नारळ-कोथिंबीर वाढताना वरून, आत मिसळून नाही. पातेल्यात हा भात तासभर सहज गरम राहतो, म्हणून पाऊण वाजता बसायचं असेल तर साडेअकराला चढवावा.

वरणाची डाळ पाच लिटरच्या कुकरात थेट लावायची असेल तर ५०० ग्रॅम ही हद्द. डाळीला फेस येतो, कुकर निम्म्याच्या वर भरला की तो फेस शिट्टीच्या नळीत चढतो. उरलेलं पाणी घोटताना उकळतं घालावं.

श्रीखंडाला विकतचा चक्का चालतो, पण तो घेताना बोटाने दाबून पाहावा. पाणी वर आलं तर अजून दोन-तीन तास टांगून ठेवावा लागेल. घरी करायचा तर ३ लिटर म्हशीच्या दुधाचं दही लागतं, त्याचा साधारण ११०० ते १२०० ग्रॅम चक्का निघतो. विरजण दूध कोमट असताना लावावं. गरम दुधात लावलेलं दही रवाळ होतं आणि ते रवाळपण पुरणयंत्रातून काढूनही श्रीखंडात राहतं. पंचात बांधून आठ ते दहा तास. मार्च ते जून या महिन्यांत टांगलेला पंचा स्वयंपाकघरात ठेवू नये, चक्का आंबतो. फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून खाली भांडं ठेवलं की काम होतं. पंचा उलगडल्यावर चक्का कापडाला न चिकटता गोळा होऊन सुटला तर तयार झाला.

साखर चक्क्याच्या वजनाइतकी ही जुनी रीत. हल्लीच्या जिभेला ती जास्त होते, आंबट चक्का नसेल तर किलोला ८०० ग्रॅम पुरते. साखर मिसळून दोन-तीन तास ठेवावी आणि मगच पुरणयंत्रातून काढावं. साखर विरघळताना चक्क्यातलं पाणी ओढते आणि श्रीखंड सैल होतं. ते किती सैल होतंय हे गाळण्याआधी कळलं तर हातात उपाय उरतो, थोडा चक्का आणखी घालता येतो. मिक्सर लावू नये. दोन फेऱ्यांत चक्क्याची घडण मोडते आणि हातात लस्सी येते. केशर चमचाभर कोमट दुधात, त्याहून जास्त दूध नको. जायफळ वेलचीच्या निम्मं. आदल्या दिवशी करून दोन डब्यांत भरावं आणि दुसरा डबा पहिला संपल्यावरच फ्रिजबाहेर काढावा.

कोथिंबीर वडीत बिघडतं ते पाण्याने. कोथिंबीर रात्रीच धुऊन, निवडून पंचावर पसरून कोरडी करावी. निवडलेली ४०० ग्रॅम कोथिंबीर, तेवढंच बेसन, ५० ग्रॅम तांदळाची पिठी. मीठ, तिखट, तीळ कोथिंबिरीला चोळून दहा मिनिटं थांबावं, पाणी सुटतं. बेसन त्यातच भिजवायचं आणि लागलं तरच वरून पाण्याचा हबका मारायचा. ओली कोथिंबीर घेतली की पीठ सैल होतं, मग बेसन वाढतं आणि वडी दगड होते. वीस मिनिटं वाफवून रात्रभर गार होऊ द्यावी. गरम उंड्याच्या वड्या कापताना भुगा होतो. सकाळी कापून ठेवल्या की तळायला पंचवीस मिनिटं.

काकडी चोचवून, हलक्या हाताने पिळून, दाण्याचं कूट आणि नारळ घालून ठेवायची. मीठ, साखर, लिंबू आणि तुपाची फोडणी पानं मांडताना. मीठ आधी पडलं की पाणी सुटून वाटीत काकडी पोहायला लागते. पिळलेलं पाणी टाकू नये, मठ्ठ्यात घालावं. मठ्ठ्याला दीड लिटर दही आणि अडीच लिटर गार पाणी. आलं-मिरची मिठात ठेचून आयत्या वेळी.

दाण्याचं कूट आपल्या इतक्या पदार्थांत असतं की ते आपल्या लक्षातही येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल पाहुण्यांत असू शकतं, आणि तिथे ‘थोडंसं चालेल’ हा प्रकार नसतो. आमंत्रणाच्या फोनवरच विचारावं: दाणे चालतात का, कुणाचा उपास आहे का, कांदा-लसूण वर्ज्य आहे का, कुणाला साखर आहे का. वरच्या बेतात कांदा-लसूण कुठेच लागत नाही ही त्याची आणखी एक सोय. दाण्यांची अडचण असेल तर सगळ्यांच्याच काकडीतून कूट आणि अळूतून दाणे वगळावेत. वेगळी वाटी काढून ठेवली तरी चमचा एकच फिरतो.

पोळ्या डब्यात भरताना वाफ निघून जाऊ द्यावी आणि खाली-वर सुती कापड घालावं. वर्तमानपत्राचा कागद नको. वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात हे म्हणणं थोडं विचित्र आहे, पण छपाईची शाई अन्नाला लागू नये असा इशारा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिलेला आहे, आणि वडे-भजी आजही त्याच कागदावर निथळतात.

मांसाहारी बेत असेल तर हीच कसोटी लावावी, उत्तर आपोआप मिळतं. तळलेली सुरमई किंवा बोंबील सहा माणसांपर्यंत. त्यापुढे पहिल्याची तुकडी मऊ पडते तेव्हा शेवटच्याची अजून तव्यावर असते. मटणाचा रस्सा वीस जणांना उत्तम, आदल्या रात्री केला तर अधिकच. हाडासकट माणशी १७५ ग्रॅम. पांढरा रस्सा करायचा तर नारळाचं दूध शेवटी घालून नुसता गरम करावा. खळखळून उकळला की फुटतो आणि वर तेलाचे थेंब तरंगतात.

वाढण्याबद्दल. लहान घरात दहा-दहाच्या दोन पंगती बसतात आणि दुसऱ्या पंगतीला नेहमी पातेल्याचा तळ येतो: वड्या संपलेल्या, भातात काजू नाहीत, अळूत दाणे नाहीत. पहिली पंगत बसण्यापूर्वीच प्रत्येक पदार्थ निम्मा वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवावा. दुसरीत शेवटी घरची माणसं बसतात म्हणून तो भाग कमी काढायचा, हे तर बिलकूल नको. पानात मीठ आधी, डावीकडे लिंबू, चटणी, काकडी; उजवीकडे भाज्या आणि वडी; मध्ये भाताची मूद, वरण, तूप. मूद लहान पाडावी. वरण-भातावरच पोट भरलं की पुढचा मसालेभात नुसता चिवडला जातो. पोळ्या संपत आल्या की मसालेभात, मग मठ्ठा किंवा ताकभात. आग्रह एकदाच आणि भाजीचा करावा. गोडाचा आग्रह करून मधुमेह असलेल्या काकांना चारचौघांत ‘नको’ म्हणायला लावू नये.

वाढप घरातल्या पुरुषांनी आणि कॉलेजच्या मुलांनी करावं, हे या निमित्ताने स्पष्टच लिहितो. दहा पानांमागे दोन माणसं पुरतात: एक कोरडे पदार्थ घेऊन, एक पातळ. स्वयंपाक ज्यांनी केला त्यांनी पहिल्या पंगतीला बसावं. दुसऱ्या पंगतीसाठी गॅसवर काहीच राहिलेलं नसेल, तर त्यांनी आत थांबण्याचं कारणही नाही.

पाणी १५ ते २० लिटर भरून ठेवावं, विशेषतः सोसायटीचं पाणी दुपारी बंद होत असेल तर. पेले, ताटं, माणशी तीन वाट्या आदल्या दिवशी मोजून काढाव्यात. कमी पडतात त्या नेहमी वाट्याच.

उरलेल्या अन्नाबाबत लोक सगळ्यांत निष्काळजी असतात, आणि धोका सगळ्यांत जास्त आहे तो साध्या भातात. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट स्थितीत तासन्‌तास पडला की त्यातून जिवाणू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं उलट्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दुपारी एकचा भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायचा आणि रात्री फोडणी द्यायची, ही पद्धत म्हणूनच बंद झाली पाहिजे. अन्न एकतर ६० अंशांच्या वर कडक गरम असावं नाहीतर फ्रिजमध्ये. मधल्या तापमानात दोन तास, ऐन मे महिन्यात एकच. उरलेला भात परातीत पातळ पसरून निववावा आणि लगेच उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. खोल पातेलं तसंच आत ढकललं तर मधला गोळा कित्येक तास कोमटच राहतो.

पाहुण्यांबरोबर डबा द्यायचा असेल तर पोळ्या, उरल्या तर वड्या आणि बटाट्याची भाजी द्यावी. नारळ घातलेला भाग त्यातून वगळावा. श्रीखंड जवळच्यांनाच, तासाभरात घरी पोचून फ्रिजमध्ये ठेवणार असतील तर. अळू घरी फ्रिजमध्ये राहू द्यावा, रात्री उकळून भाकरीबरोबर संपतो. काकडी आणि ओल्या नारळाची चटणी कुणालाच बांधून देऊ नये, उन्हाळ्यात ती डोंबिवलीहून दादरला पोचेपर्यंत विटते.

आपला विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)